दुकान तुमचं, सही तुमची: छोट्या धंद्यासाठी सीए आणि वकील निवडताना

इंदूरमध्ये नवा धंदा सुरू करणाऱ्याला सल्ल्याचा तुटवडा कधीच पडत नाही. सांवेर रोडवर शेड घ्या नाहीतर सुदामानगरात घरच्या घरी फराळाच्या ऑर्डरी घ्या, आठ दिवसांत कुणाचा तरी भाचा सीए निघतो, कुणाचे तरी साडू हायकोर्टात वकील असतात, आणि सियागंजातले एखादे जुने व्यापारी "आमच्याच मुनीमजींना द्या, ते सगळं बघतात" म्हणून मोकळे होतात. ओळखीनं काम देण्यात वाईट काहीच नाही. अडचण आहे ती त्या 'सगळं' मध्ये. त्यात निदान चार वेगवेगळी कामं असतात. ती चारही एका माणसाला जमतीलच असं नाही, आणि त्यातली काही तर कायद्यानंच प्रत्येकाला करता येत नाहीत.

पहिलं काम रोजच्या नोंदींचं. बिलं टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरवर चढवायची, बँकेचं स्टेटमेंट जुळवायचं, कुणाकडून किती येणं आहे ते बघायचं. याला पदवी लागत नाही. वेळेवर येणारा आणि न समजलेली नोंद 'सस्पेन्स' खात्यात न ढकलणारा माणूस लागतो. दुसरं काम रिटर्न भरण्याचं. जीएसटीसाठी नोंदणीकृत जीएसटी प्रॅक्टिशनर, वकील, सीए, कॉस्ट अकाउंटंट, कंपनी सेक्रेटरी यांपैकी कुणीही चालतं. शहरात 'कर सलाहकार' अशा पाट्या लावून बसलेले अनेक जण हेच काम करतात, आणि त्यातले काही जण फार चांगलं करतात. तिसरं काम ऑडिटचं, आणि ते फक्त प्रॅक्टिस करणाऱ्या सीएचंच. धंद्याची उलाढाल वर्षाला १ कोटीच्या वर गेली की आयकरासाठीच्या हिशेबतपासणीचा, म्हणजे टॅक्स ऑडिटचा प्रश्न येतो. रोखीची जमा आणि रोखीचा खर्च, दोन्ही एकूण व्यवहाराच्या ५ टक्क्यांच्या आत असतील तर ही मर्यादा १० कोटींवर जाते. अंदाजे नफा दाखवून कर भरण्याची सवलत घेणाऱ्यांचं गणित आणखी वेगळं. चौथं काम करार आणि भांडणांचं. ते वकिलाचं.

धंदा प्रायव्हेट लिमिटेड असेल तर आणखी एक गोष्ट. कंपनीचा ऑडिटर त्याच कंपनीच्या वह्या लिहू शकत नाही, कायद्यात तशी स्पष्ट मनाई आहे. "आमचे सीए ऑडिटही करतात आणि त्यांचीच मुलं येऊन टॅलीही लिहितात" असं कुणी कौतुकानं सांगितलं, तर ते कौतुक जरा हळू आवाजात करायला सांगा.

समोरचा माणूस खरोखर सीए आहे का, हे विचारायला संकोच वाटत असेल तर विचारूच नका, तपासा. चार्टर्ड अकाउंटंट्सच्या संस्थेच्या वेबसाइटवर सदस्यांची नावं शोधता येतात. शिवाय २०१९ पासून सीएनं सही केलेल्या प्रत्येक सर्टिफिकेटवर आणि ऑडिट रिपोर्टवर यूडीआयएन नावाचा १८ अंकी-अक्षरी क्रमांक असावा लागतो, तोही ऑनलाइन पडताळता येतो. बँकेत कर्जासाठी दिलेल्या नेटवर्थ (मालमत्ता वजा देणी) सर्टिफिकेटवर तो नसेल तर बँक कागद परत करते. वकिलाचा नोंदणी क्रमांक वकालतनाम्यावर असतो.

पहिल्या भेटीत तुम्ही काय विचारता, यापेक्षा ते काय विचारतात ते बघा

समजा, एक काकू लोणची, चकल्या आणि शंकरपाळे करून विकतात. वर्षाची विक्री ९-१० लाख. त्या सल्ला घ्यायला जातात. एक जण ऐकून घेतो आणि म्हणतो, "काकू, मालाच्या विक्रीला ४० लाखांपर्यंत जीएसटी नाही. निश्चिंत राहा." दुसरी सीए मुलगी मात्र विचारते, "काकू, माल जातो कुठं?" काकू कौतुकानं सांगतात की निम्म्या ऑर्डरी पुण्या-मुंबईच्या, इंदूरहून तिकडे गेलेल्या आपल्याच लोकांच्या, कुरियरनं जातात. आणि इथंच उत्तर बदलतं. करपात्र माल दुसऱ्या राज्यात विकला की ४० लाखांची सूट मिळत नाही, पहिल्या पार्सलपासून नोंदणी लागते. वर छोट्यांसाठीची, ठरावीक दरानं कर भरायची कंपोझिशनची सोपी योजनाही हाती लागत नाही, कारण त्या योजनेत राज्याबाहेर माल विकता येत नाही.

पहिल्यानं चुकीचं काही सांगितलं नाही. ४० लाखांचा आकडा बरोबरच आहे. त्यानं फक्त प्रश्न विचारला नाही. छोट्या धंद्याचे घोटाळे बहुधा असेच होतात, अर्धवट बरोबर उत्तरांतून.

म्हणून चांगला सीए सुरुवातीला थोडा चौकस, प्रसंगी भोचकही वाटतो. रोख किती येते? माल उधारीवर देता का? घरभाडं, मुलांची फी त्याच खात्यातून जाते का? कामाला किती माणसं आहेत? १० झाली की ईएसआयचा (कर्मचारी विम्याचा) आणि २० झाली की पीएफचा विषय निघतो. पुढच्या दोन वर्षांत कर्ज घ्यायचं आहे का? हा शेवटचा प्रश्न विचारणारा सीए मला विशेष आवडतो. कर वाचवण्यासाठी दरवर्षी नफा इतका कमी दाखवायचा की तिसऱ्या वर्षी बँक मशीनसाठी कर्ज नाकारते, हे या शहरातल्या प्रत्येक औद्योगिक वसाहतीत घडतं. तेव्हा दोष बँकेला दिला जातो.

भेटायला कधी जायचं यालाही महत्त्व आहे. महिन्याच्या १८ ते २० तारखेला जीएसटीची धांदल असते, आणि टॅक्स ऑडिटची मुदत ३० सप्टेंबर असल्यानं तो अख्खा महिना सीएच्या ऑफिसात कुणी मान वर करत नाही. त्या वेळी गेलात तर जगातला सर्वोत्तम सीएही उडवून लावेल. पुरुषभर उंच फायलींमागे बसलेल्या माणसाला धंद्याची स्वप्नं सांगू नयेत. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये जा. आणि आवर्जून विचारा की १ एप्रिल २०२६ पासून लागू झालेल्या नव्या आयकर कायद्यानं आपल्यासारख्याचं काय बदललं. उत्तर काय मिळतं, त्याइतकंच ते किती सोप्या शब्दांत मिळतं हेही ऐका.

वकील सहीच्या आधी हवा

वकिलाकडे जायचं म्हणजे कोर्टात जायचं, हा समज आपल्याकडे घट्ट आहे. त्यामुळे नोटीस आली की मगच पावलं वळतात. खरं तर छोट्या धंद्याला वकिलाचा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत मोठा उपयोग कागदावर सही करण्यापूर्वीच्या अर्ध्या तासात होतो.

भागीदारीचंच बघा. दोन मित्र मिळून पोलोग्राउंडला काम सुरू करतात. स्टॅम्प पेपर विकणाऱ्याकडे भागीदारीपत्राचा मजकूर तयारच असतो, नावं आणि टक्के भरले की झालं. मैत्री इतकी की पुढं वाचायची गरजच वाटत नाही. आता १९३२ चा भागीदारी कायदा काय म्हणतो? फर्मच्या देण्याला प्रत्येक भागीदार पूर्ण जबाबदार, टक्के कितीही असोत. वेगळं लिहिलं नसेल तर एका भागीदाराच्या मृत्यूनं फर्म विसर्जित होते. आणि सर्वांत बोचणारी गोष्ट अशी की फर्मची नोंदणी सक्तीची नाही, पण नोंदणी नसलेल्या फर्मला करारातली थकलेली रक्कम मागायला गिऱ्हाइकावर दिवाणी दावा लावता येत नाही. पॅन आहे, जीएसटी आहे, करंट खातं आहे, म्हणजे सगळं झालं असं वाटत असतं. रजिस्ट्रार ऑफ फर्म्सकडे मात्र कुणी गेलेलंच नसतं. वकिलाकडे भागीदारीपत्र घेऊन गेलात आणि त्यानं नोंदणीचं नावच काढलं नाही, तर दुसरा वकील शोधा.

दुसरा कागद जागेच्या भाड्याचा. ११ महिन्यांचा करार का करतात? एक वर्षाहून जास्त मुदतीचा भाडेपट्टा रजिस्टर करावा लागतो म्हणून. घरासाठी ते ठीक. पण फर्निचर, वीज, मशीनची पायाभरणी यांत लाखो रुपये घालून बसणाऱ्यानं ११ महिन्यांच्या कागदावर किती भिस्त ठेवावी, हे वकिलाला विचारायचंच. आणि घरमालकाच्या वकिलाला नाही, आपल्या. "एकच वकील दोघांचा कागद करून देतील, खर्च वाचेल" ही सूचना कितीही आपुलकीनं आली तरी नम्रपणे नाकारा.

तिसरा कागद मोठ्या कंपनीची परचेस ऑर्डर. पुढच्या बाजूला दर आणि तारीख, मागच्या बाजूला फिकट राखाडी, मुंगीएवढ्या अक्षरांत अटी. त्यात कुठंतरी लिहिलेलं असतं की वाद झाल्यास लवाद मुंबईत किंवा दावा फक्त पुण्याच्या न्यायालयात. माल इंदूरजवळच्या पीथमपूरच्या गेटवर उतरतो, म्हणून आपण समजतो की सगळं इथंच आहे. दोन लाखांच्या थकबाकीसाठी मुंबईच्या चकरा परवडतात का, हा हिशेब ऑर्डर घेतानाच करायचा असतो. कंपनी अट बदलेलच असं नाही, पण उधारी किती साठू द्यायची हे तरी तुम्हाला ठरवता येतं.

आता कुठला वकील? फौजदारी गाजवणारा, जमिनीचे दावे लढणारा आणि करात मुरलेला, हे तीन वेगळे लोक. चहाच्या टपरीवर ज्याचं नाव सगळ्यांना ठाऊक असतं तो बहुधा पहिल्या प्रकारचा. धंद्यासाठी करार लिहिणारा आणि वसुलीचे दावे चालवणारा माणूस बघा. इंदूरची सोय अशी की जिल्हा न्यायालय, उच्च न्यायालयाचं खंडपीठ, आयकर अपील न्यायाधिकरण आणि कंपनी कायदा न्यायाधिकरणाचं (एनसीएलटी) पीठ, सगळं शहरातच आहे. पण कंपनी रजिस्ट्रार ग्वाल्हेरला, जीएसटी न्यायाधिकरणाचं पीठ भोपाळला आणि ट्रेडमार्कचं कार्यालय मुंबईला. बरंचसं काम आता ऑनलाइन होतं, तरी यातलं कुठलं काम स्वतः करणार आणि कुठलं दुसऱ्याकडे देणार, हे सरळ विचारा. "हे माझं काम नाही, पण अमक्यांकडे जा" म्हणणाऱ्यावर माझा जास्त विश्वास बसतो.

तारखांबाबतही परीक्षा घ्या. चेक परत आला आणि तुम्ही फोन केला, तर वकिलाचा पहिला प्रश्न असायला हवा, "बँकेचा मेमो कधी मिळाला?" कारण त्या दिवसापासून ३० दिवसांत लेखी नोटीस गेली पाहिजे, नोटीस मिळाल्यापासून १५ दिवस समोरच्याला पैसे द्यायला, आणि त्यानंतर एका महिन्यात तक्रार. तक्रारीला उशीर झाला तर सबळ कारण दाखवून न्यायालयाकडे माफी मागता येते. नोटिशीचे ३० दिवस हुकले की ती वाट बंद. "पुढच्या आठवड्यात निवांत या, बघू" असं उत्तर आलं तर समजून घ्या. समोरचा "दोन दिवसांत परत टाका, या वेळी वटेल" म्हणत असेल, तर तीन महिन्यांच्या वैधतेत चेक पुन्हा टाकता येतो, पण तो खेळही वकिलाला विचारूनच खेळा.

किल्ल्या कोणाकडे

आता ज्या विषयावर कुणी बोलत नाही तो. तुमच्या जीएसटी नोंदणीत मोबाइल नंबर आणि ईमेल कुणाचा आहे?

अनेक छोट्या धंद्यांत तो सीएच्या ऑफिसचा, किंवा तिथं तेव्हा कामाला असलेल्या मुलाचा असतो. नोंदणी करताना ओटीपी पटकन मिळावा म्हणून टाकलेला. त्यात कपट काही नसतं, पण परिणाम गंभीर होतात. विभागाची नोटीस पोर्टलवर चढते, सूचना त्या ईमेलवर आणि त्या मोबाइलवर जाते. तो मुलगा दोन वर्षांपूर्वीच नोकरी सोडून गेलेला असतो. पोर्टलवरही नोटिसा एका जागी नसतात, 'नोटिसेस अँड ऑर्डर्स' वेगळं आणि 'अ‍ॅडिशनल नोटिसेस' वेगळं. एकच पान उघडणाऱ्याला दुसऱ्यावरची दिसत नाही. उत्तर गेलं नाही की एकतर्फी आदेश होतो. त्याविरुद्ध अपिलाला तीन महिने, सबळ कारण असेल तर आणखी एक महिना. त्यानंतर अपील अधिकाऱ्याच्याही हातात काही राहत नाही आणि हायकोर्टाची पायरी चढावी लागते. अपिलासोबत वादातल्या कराच्या १० टक्के रक्कम आधी भरायची, ते वेगळंच. हे सगळं घडत असताना मालक दुकानात बसून रोज गल्ला मोजत असतो.

दुकानाची किल्ली आपण नोकराला देतो, पण एक जोड स्वतःकडे ठेवतोच. इथंही तेच. युजरनेम, पासवर्ड, नोंदलेला मोबाइल आणि ईमेल मालकाचे हवेत. सीएला काम करायला प्रवेश द्या, मालकी नको. आज लॉगिन करून प्रोफाइल बघा. नंबर दुसऱ्याचा निघाला तर बदलता येतो, आणि ओटीपीच हाती येत नसेल तर आपल्या क्षेत्राच्या जीएसटी अधिकाऱ्याकडे ओळखपत्र घेऊन अर्ज करून तो बदलून मिळतो. हे मागितल्यावर सीए रागावला, तर तेही एक उत्तरच.

कंपनी किंवा एलएलपी (मर्यादित जबाबदारीची भागीदारी) असेल तर डिजिटल सहीचा पेन ड्राइव्हसारखा डोंगल सांभाळा. सीएंच्या टेबलाच्या खणात रबर लावलेल्या पाकिटांत असे पन्नासेक डोंगल पडलेले असतात, वर पेनानं नाव आणि खाली तिथंच पासवर्ड. ती तुमची सही आहे. कायद्याच्या नजरेत त्या डोंगलनं सही झालेला कागद तुम्हीच सही केलेला.

फी, आणि फीच्या नावाखाली

घासाघीस करण्याआधी फीचे दोन भाग करून मागा, सरकारकडे किती जाणार आणि तुमचे किती. जीएसटी नोंदणीला सरकारी फी नाही. लघुउद्योगांची सरकारी 'उद्यम' नोंदणीही मोफत. या दोन्हींसाठी कुणी 'सरकारी फी' म्हणून पैसे सांगितले, तर पुढचे सगळे हिशेब त्याच नजरेनं तपासा. कामाचा मोबदला मागणं योग्यच आहे, त्याला चलानाचं नाव देणं नाही.

वकिलाला विचारा की फी पूर्ण प्रकरणाची की दर तारखेची, टायपिंग-कोर्ट फी त्यात आहे का, आणि अपील झालं तर काय. "वसूल झाले तर १० टक्के द्या, नाहीतर काही नको" ही ऑफर ऐकायला गोड, पण निकालावर टक्केवारी ठरवायला वकिलांच्या आचारनियमांतच बंदी आहे. सीएंनाही काही ठरावीक अपवाद वगळता टक्केवारीवर फी घेता येत नाही. जो स्वतःच्या व्यवसायाचा नियम पहिल्याच भेटीत मोडतो त्याच्याकडे धंद्याचे नियम सांभाळायला द्यायचे का, हे तुम्हीच बघा. "ऑफिसात आपली सेटिंग आहे" या वाक्याबद्दल तर लिहायचीही गरज नाही.

नातेवाइकांचं एक सांगतो. भाचा हुशार असेल तर त्याच्याकडे जरूर जा, पण फी ठरवून आणि बिल घेऊन. फुकट काम नेहमी सगळ्यात खाली जातं, त्यात त्याचा दोष नाही. आणि ज्याला काढणं म्हणजे ताईशी अबोला, त्याला नेमताना दहा वेळा विचार करावा.

दोघं एकमेकांशी बोलतात का

सांवेर रोडवरच्या एका छोट्या कारखान्याचे ६ लाख एका मोठ्या कंपनीकडे अडकलेत असं धरा. उद्यममध्ये सूक्ष्म किंवा लघु म्हणून नोंद असेल आणि तुम्ही नुसते व्यापारी नसून माल बनवत किंवा सेवा देत असाल, तर २००६ चा एमएसएमई (सूक्ष्म, लघु, मध्यम उद्योग) कायदा तुमच्या बाजूचा आहे. लेखी करार असला तरी ४५ दिवसांत, नसला तर १५ दिवसांत पैसे मिळायला हवेत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या 'बँक रेट'च्या तिप्पट, दरमहा चक्रवाढ व्याज. शिवाय वेळेत न दिलेल्या रकमेची वजावट कंपनीला आयकरात त्या वर्षी मिळत नाही, आणि हे तिच्या अकाउंट्स विभागाला चांगलंच माहीत असतं. कित्येकदा सीएच्या एका सभ्य पत्रानंच मार्चअखेर काम होतं.

नाही झालं तर वकील. पण वकील लढणार कशावर? हिशेबाच्या वहीतली नुसती नोंद समोरच्याला देणेकरी ठरवायला पुरत नाही, असं आपला पुराव्याचा कायदा सांगतो. सोबत डिलिव्हरी चलानवर गेटचा शिक्का हवा, ईमेल हवेत. टॅलीचा प्रिंट पुरावा म्हणून द्यायचा तर त्यासोबत ठरावीक नमुन्यातलं प्रमाणपत्र लागतं. दरवर्षी मार्चनंतर समोरच्याकडून सही करून घेतलेलं बॅलन्स कन्फर्मेशन, म्हणजे बाकी मान्य असल्याचं पत्र, तर सोन्याचं, कारण दावा लावायची तीन वर्षांची मुदत संपण्याआधी दिलेल्या लेखी कबुलीपासून ती नव्यानं मोजली जाते. हे कागद वर्षभर जमवतो अकाउंटंट, वापरतो वकील. म्हणून नेमताना दोघांना एकदा एका टेबलावर बसवा आणि वकिलाला सांगू द्या की त्याला काय काय लागेल.

बदलायचं ठरलं तर

वकिलाच्या सेवेबद्दल ग्राहक न्यायालयात जाता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं मे २०२४ मध्ये स्पष्ट केलं. गैरवर्तनाची तक्रार जबलपूरच्या राज्य बार कौन्सिलकडे करायची. मात्र फी थकली म्हणून वकील तुमची फाइल अडवून ठेवू शकत नाही. तसा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल २००० सालचा, आणि प्रकरण आपल्याच मध्य प्रदेशातल्या एका सहकारी बँकेचं होतं. तरी मूळ कागद कधी देऊच नका, झेरॉक्स द्या, मूळ कोर्टात दाखल करायचेच असतील तर पोच घ्या.

सीए बदलणं एप्रिलमध्ये सोपं जातं, कारण वर्ष नव्यानं सुरू होतं. जुन्यांची फी चुकती करा. नवा ऑडिटर आधीच्यांना पत्र लिहून कळवतो, तो त्यांचा शिष्टाचार आहे, त्यात लपवण्यासारखं काही नाही. त्यांच्याकडून भरलेली रिटर्न्स, चलानं, ऑडिट रिपोर्ट, आलेल्या नोटिसा आणि दिलेली उत्तरं, डोंगल आणि टॅलीचा बॅकअप घ्या. बॅकअप पेन ड्राइव्हवर मिळाला की तिथंच, त्यांच्यासमोर, आपल्या लॅपटॉपवर उघडून बघा.